दुमडलेलं टोक

त्याने रिबनचं रीळ चौथ्यांदा खुंटीवरून ओढून काढलं, टेबलावर आपटलं, बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिला. तीन हिरवे ठिपके लुकलुकले. मग तीच ओळ आली.

रिबन काढा.

"काढलीय!" तो मशीनवर खेकसला. "ही काय, टेबलावर पडलीय! आता ताटात घालून दाखवू का?"

मशीन काही बोललं नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या काकू बोलल्या.

"डॉक्टर, चहा सांगू का?"

"नको."

"अर्धा?"

"काकू, मला चहा नकोय, या मशीनला अक्कल हवीय. मिळते का तुमच्या कँटीनमध्ये?"

"मिळत असती तर आधी वरच्या ऑफिसात पाठवली असती," काकू म्हणाल्या, आणि काचेपलीकडे कुणी ऐकलं तर नाही ना, हे त्यांनी लगेच बघून घेतलं.

तो काही डॉक्टर नव्हता. लेबल छापणारी मशीन दुरुस्त करत कारखान्या-कारखान्यांतून हिंडणारा टेक्निशियन होता. पण हातात जुनी चामडी बॅग, खिशात टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा छोटा आरसा, म्हणून बहुतेक ठिकाणी त्याला हेच नाव पडलं होतं. काकूही कुणाच्या काकू नव्हत्या. एकोणीस वर्षं त्या या कारखान्याची लेबलं छापत होत्या आणि त्यांच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनसुद्धा त्यांना काकूच म्हणायचा.

काम म्हटलं तर साधं होतं. मशीनमध्ये दोन गोष्टी घालाव्या लागतात, लेबलांची गुंडाळी आणि शाईची काळी रिबन. दोन्हींवर नजर ठेवायला आत नखाएवढे दोन सेन्सर असतात. लेबलं संपली की एकाने मशीन थांबवायचं, रिबन संपली की दुसऱ्याने. पण त्यांना आधी शिकवावं लागतं. पहिल्यांदा रिकामं म्हणजे काय ते दाखवायचं, मग भरलेलं म्हणजे काय ते. याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि घाई केली नाही तर ते चाळीस मिनिटांत उरकतं. लेबलांचा सेन्सर साडेदहालाच शिकून मोकळा झाला होता. त्याला दाखवायला हातभर लेबलं सोलून मागचा नुसता गुळगुळीत कागद ठेवावा लागला होता. सोललेली लेबलं चिकटवायला जागा दिसेना, म्हणून त्याने ती स्वतःच्या बाहीवर चिकटवली होती. निळी किनार, कोपऱ्यात कारखान्याचं चिन्ह, आणि मध्ये कोरं. रिबनचा सेन्सर मात्र बारा वाजून गेले तरी शिकायचं नाव घेत नव्हता. रिबन काढली तरी त्याला ती दिसतच होती.

काकूंची नजर अधूनमधून त्याच्या बाहीवर जायची आणि तिथून निघायची.

अशीच दोनशे बारा लेबलं अकरा दिवसांपूर्वी दोनशे बारा बाटल्यांवर जाऊन बसली होती. कारखाना प्रयोगशाळांना लागणारी रसायनं बाटल्यांत भरायचा. त्या दिवशी आम्ल भरायचं चाललं होतं, पाण्यासारखं स्वच्छ. काकूंना सुट्टीच्या अर्जावर सही करायला वर बोलावलं. जाताना त्या भरणीवरच्या माणसाला म्हणाल्या, "रिबन संपत आलीय, पण तू तुझं काम कर. संपली की थांबतं आपोआप." रिबन संपली. मशीन थांबलं नाही. किनार आणि चिन्ह आधीच छापलेलं असतं, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला बाटली ठीकच दिसायची. पण मध्ये रसायनाचं नाव नाही, तारीख नाही, धोक्याचं चिन्हही नाही. बाटल्या खोक्यांत गेल्या, खोकी गाडीत. कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या बाईंनी खोकं उघडलं, कोरी लेबलं बघून हात मागे घेतला आणि फोन केला, म्हणून निभावलं. कुणाला काही झालं नाही.

कुणाला काही झालं नाही, तरी कुणाचं तरी काहीतरी करणं भागच असतं. पॅकिंगच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. मशीन थांबतंच. ते थांबलं असणार आणि लेबलाच्या खोलीतल्या कुणीतरी बटण दाबून पुढे रेटलं असणार. आता ते झाकायला मशीन थांबलंच नाही म्हणून सांगतायत.

काकूंचं म्हणणं त्याहून सरळ होतं. मशीन थांबलं नाही.

म्हणून डॉक्टरला बोलावलं होतं. त्याने मशीन तपासायचं, सेन्सर शिकवून दाखवायचा आणि चारच्या आत कागदावर लिहून द्यायचं की दोष कशात होता. साडेचारला वर बैठक होती. मशीन ठीक असेल, तर काकूंना एकोणीस वर्षांचा निरोप त्याच बैठकीत द्यायचं ठरलं होतं. हे त्याला वॉचमनने फाटकातच सांगितलं होतं. कारखान्यातल्या बातम्या नेहमीच फाटकावर आधी पोचतात.

त्याने सेन्सरचा खालचा भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. बोळा जेमतेम मळला. वरचा भाग एका पत्र्याच्या पोटात होता, तिथे बोट जात नव्हतं. त्याने आरसा आत सरकवला, टॉर्च मारली. आरशात काळा पत्रा दिसला आणि पत्र्यात काळा सेन्सर. सगळंच काळं. त्याने रीळ पाचव्यांदा घातलं. पाचव्यांदा काढलं.

रिबन काढा.

"घ्या," तो म्हणाला आणि खुर्चीत मटकन बसला.

"आमच्याकडे गेल्या तीन वर्षांत एकदाही असं केलं नाही हो त्याने," काकू समजुतीच्या सुरात म्हणाल्या. जणू तोच आजारी होता. "तुम्ही आला होतात ना मागे, तेव्हापासून. आठवतं का?"

"आलो असेन. वर्षाला दोनशे मशीन बघतो मी."

"त्याच्या आधी दर दहा मिनिटांनी थांबायचं. रिबन भरलेली असली तरी म्हणायचं, रिबन संपली. जीव नकोसा करून टाकला होता. तुम्ही आलात, मला म्हणालात, जरा बाहेर उभ्या राहा, आणि अर्ध्या तासात गेलातसुद्धा. त्यानंतर कुरकूर नाही. मी सगळ्यांना सांगते, हात लावावा तर या डॉक्टरांनी."

सकाळपासून पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं! त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"रिबनचं म्हणाल तर मी तिला संपूच देत नाही," काकू पुढे म्हणाल्या. "आतली पुठ्ठ्याची नळी दिसायला लागली की बदलते. सवयच आहे. त्या दिवशी वर बोलावलं नसतं तर..." पदराला नसलेला डाग त्यांनी बोटाने पुसला.

त्याने ऐकलं, पण त्याचं डोकं मशीनच्या पोटात अडकलं होतं. ते दुसरीकडे वळलंच नाही.

केबल बघू म्हणून तो उठला. सेन्सरची केबल मागच्या बाजूने चाकाच्या वाटेत लोंबत होती. ती आधी वर बांधायला हवी होती. बॅगेतून काळी टेप काढून त्याने बोटभर तुकडा दातांनी तोडला, केबल पत्र्याला टेकवून वर चिकटवला आणि टेपचं मोकळं टोक आत दुमडून छोटासा कान केला.

"हे टोक कशाला दुमडलंत?" काकूंनी विचारलं. त्या नुसत्या बसून कंटाळल्या होत्या. ज्या मशीनपाशी एकोणीस वर्षं उभं राहायचं, तिथे पाहुण्यासारखं बसवलं की माणूस काहीही विचारतो.

"काढणाऱ्याची सोय. आमच्या उस्तादांची शिकवण. चिकटवणारा चिकटवून जातो आणि काढणाऱ्याची नखं तुटतात. कान ठेवला की ओढलं, निघालं. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करायचं, म्हणायचे ते. मी झोपेत टेप लावली तरी टोक दुमडतो."

"चांगले होते तुमचे उस्ताद."

"कानाखाली वाजवायचे," तो म्हणाला. "पण चांगले होते."

केबलमध्ये काही दोष नव्हता. मग त्याने नाइलाजाने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. सात मिनिटं एक बासरी वाजली. नंतर एका फार गोड आवाजाने त्याची चौकशी केली.

"सर, आपण रिबन काढली आहे का?"

"काढलीय."

"पूर्ण काढली आहे का, सर?"

"अर्धी कशी काढणार? केक आहे का तो?"

"सर, मशीनला रिबन दिसते आहे, म्हणजे रिबन असणार. कृपया रिबन काढून पुन्हा प्रयत्न करावा. आणखी काही मदत?"

त्याने फोन बंद केला आणि टेबलावर उपडा ठेवला. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, त्या हसत असाव्यात. त्याच्याही ओठांवर हसू येऊ पाहत होतं, पण तेवढ्यात दार उघडलं आणि साहेब आत आले.

साहेब वाईट नव्हते, घाईत होते. त्यांना वर जाब द्यायचा होता आणि तो देण्यापुरता एक कागद हवा होता. त्यांनी घड्याळ बघितलं, डॉक्टरची बाही बघितली, मग पडदा बघितला.

"झालं का?"

"नाही अजून. रिबनचा सेन्सर शिकत नाही."

"चालू आहे का बंद, एवढंच सांगा."

"चालू आहे. रिबन असली की आहे म्हणतो."

"मग झालं तर!"

"नसली तरी आहेच म्हणतो."

साहेबांनी यावर थोडा विचार केला. "धूळ बसली असेल. तसं असेल तर तसं लिहा. दर शनिवारी सफाई कोण करतं, कुणाची सही असते, ते रजिस्टरात आहेच." काकूंकडे न बघता ते म्हणाले. "चारला येतो मी."

दार बंद झालं. काकूंनी स्टूल जरासं मागे सरकवलं.

"शनिवारी मी सफाई करते," त्या म्हणाल्या. "पोहोचतं तिथवर सगळं पुसते. धूळ नाहीये तिथे."

ते त्यालाही माहीत होतं. बोळा स्वच्छ निघाला होता. पण दोन वाजत आले होते, पोटात सकाळच्या दोन बिस्किटांपलीकडे काही नव्हतं आणि एका नखाएवढ्या तुकड्याने त्याला पार मूर्ख ठरवलं होतं. तेवीस वर्षांचा अनुभव टेबलावर ठेवलेल्या रिळासारखा निरुपयोगी पडून होता. अशा वेळी राग कुणावर तरी काढावा लागतो, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"धूळ नसेल तर मग कुणीतरी हात लावलाय," तो म्हणाला. "खरं सांगू का काकू, तुम्हा लोकांचं हे नेहमीचंच आहे. मशीन जरा अडलं की घाल बोट, घुसव काडी. मग ते बिघडलं की आम्हाला बोलवा. आणि विचारलं तर काय, आम्ही नाही बुवा! स्वतःहून असं होतं का कधी? कुणीतरी खेळ केल्याशिवाय होत नाही हे. लिहून ठेवा माझ्याकडून."



"मी घरीसुद्धा स्क्रू ड्रायव्हर हातात धरत नाही," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "नोकरी जाईल, ती जाऊ दे. दोन वर्षांनी तशीही जाणारच होती. पण त्यांनी कागदावर लिहिलंय की मी खोटं बोलते. मुलगी विचारते, आई, खरंच थांबलं होतं का गं? तीसुद्धा विचारते."

त्याला वाईट वाटलं. पण शब्द मागे घेण्याइतकं नाही, म्हणून त्याने नुसतीच मान हलवली.

एकच गोष्ट उरली होती. सेन्सरच्या वरच्या भागाचा पत्राच काढायचा. चार स्क्रू होते, त्यांतले दोन छपाईच्या डोक्यामागे. तिथे पोचायला अर्धं मशीन मोकळं करावं लागणार होतं. हे काम कुणी हौसेने करत नाही. त्याने बाह्या वर सरकवल्या, तशी बाहीवरची लेबलं चुरगळली. डोकं सोडवलं, रबरी रूळ काढला, स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवल्या.

"काकू, जरा टॉर्च धरता का? इथे, वरून."

काकू उठल्या. त्यांनी टॉर्च घेतली आणि वरून अगदी नेमका उजेड धरला. हात जरासुद्धा हलला नाही. तिसरा स्क्रू गंजला होता, त्याने अर्धा तास खाल्ला. चौथा निघाला तेव्हा सव्वातीन झाले होते. पत्रा सुटून त्याच्या तळहातावर आला आणि त्याने तो उलटा केला.

सेन्सरच्या डोळ्यावर काळी टेप होती.

नखाएवढा तुकडा, कातरीने नीट चौकोनी कापलेला. काळ्यावर काळा, म्हणून आरशातून दिसला नव्हता. सेन्सरला तीन वर्षं समोर नुसता काळोख दिसत होता. काळोख म्हणजे रिबन, असंच त्याला शिकवलेलं होतं. रिबन असो नसो, तो बापडा आहे म्हणूनच सांगत राहिला होता. त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलत होता.

"कोण मूर्ख..." असं तो म्हणाला, आणि तिथेच थांबला.

टेपचं एक टोक आत दुमडलेलं होतं. छोटासा कान.

टॉर्चचा उजेड हलला नाही. तो तसाच त्या कानावर राहिला. मग सावकाश मागच्या बाजूला गेला. मघाशी केबलवर लावलेल्या टेपच्या टोकावर क्षणभर थांबला आणि परत त्याच्या तळहातावर आला.

पत्रा हातात घेऊन तो उभा होता. तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस आता त्याला लख्ख आठवला, आणि तो दिवस तो कधी विसरलाच नव्हता, ही त्यातली गंमत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. चारला डोळ्याची पट्टी सोडणार होते आणि तू समोर असल्याशिवाय सोडू देणार नाही, असा तिने हट्ट धरला होता. तीनला तो कुठल्याशा कारखान्यात कुठल्याशा मशीनपाशी होता. कॅलिब्रेशनला चाळीस मिनिटं लागली असती. त्याने बाईंना बाहेर उभं केलं आणि डोकं वर उचलून, पत्र्यामागे बोट घालून टेप लावली. तेव्हा बोट जात होतं. आता गेलं नाही, कारण मधल्या काळात माणूस जाड होतो. आजच्यापुरतं, असं त्याने स्वतःलाच सांगितलं, उद्या येऊन नीट करू. कागदावर लिहिलं, सेन्सर साफ केला. चारला पाच कमी असताना दवाखान्यात पोचला. आईने डोळा उघडला, त्याला पाहिलं आणि म्हणाली, "दाढी तरी करून यायचंस." घरात अजून ती गोष्ट हसत हसत सांगतात. त्या गोष्टीत हे मशीन कधी आलंच नव्हतं.

त्याला शरम वाटली. तासाभरापूर्वी आपण काय काय बोललो ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. बोट घाल, काडी घुसव. लिहून ठेवा माझ्याकडून.

त्याने काकूंकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

"कान आहे," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "सहज निघेल."

त्याने कान चिमटीत धरून ओढला. टेप निघाली. त्याचं नख तुटलं नाही.

पुढचं सगळं त्याने खाली मान घालून केलं. सेन्सरवरचा डिंक पुसला, पत्रा बसवला, चार स्क्रू, रूळ, स्प्रिंगा, डोकं. काकूंनी एकेक वस्तू बशीतून न मागता पुढे केली. ताकद लावून वाकल्यामुळे त्याची कंबर धरली होती. रीळ बाजूला ठेवून त्याने बटण दाबलं. तीन हिरवे ठिपके लुकलुकले.

रिबन घाला, असं मशीन म्हणालं.

त्याने रिबन घातली. पडदा हिरवा झाला. छापायला लावून त्याने मध्येच रिबन कातरीने तोडली, तसं मशीन एका लेबलात जागच्या जागी थांबलं आणि बारीक आवाजात तीनदा कोकललं. त्याने रिबन जोडली आणि पुन्हा तोडली. पुन्हा थांबलं, पुन्हा कोकललं. काकू तो आवाज ऐकत उभ्या होत्या. तीन वर्षांनी ऐकत होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग टेबलावर सकाळपासून पडलेले दोन रिकामे कप उचलले आणि ते धुवायला बेसिनकडे गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. दोन कपांना इतकं पाणी लागत नाही.

टेपचा तुकडा त्याच्या मुठीत होता. मुठीसकट तो खिशात घातला की संपलं. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीने असले जुगाड करणाऱ्या दोघांना घरी बसवलं होतं, ते दोघंही त्याला ओळखीचे होते. सेन्सर खराब होता म्हणावं तर तो समोर धडधडीत चालत होता. धूळ म्हणावं तर शनिवारचं रजिस्टर होतं, त्यावर काकूंची सही होती. काहीच सापडलं नाही म्हणावं, तर त्याचा अर्थ साडेचारच्या बैठकीत एकच निघणार होता. त्याने तिन्ही वाटा चालून बघितल्या. तिन्ही बेसिनपाशी उभ्या असलेल्या बाईच्या दारात जाऊन थांबत होत्या.

काकू काही सांगणार नव्हत्या. आणि सांगितलं तरी दुमडलेल्या टोकावर कोण विश्वास ठेवणार होतं?

बरोबर चारला साहेब आले. काखेत फाइल, हातात पेन.

"काय म्हणतंय?"

"चालतंय." त्याने मशीन लावलं आणि रिबन तोडून दाखवली. मशीन थांबलं, कोकललं.

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. "बघा! मी म्हणत नव्हतो? थांबतंच ते. सेन्सर ठीक आहे, असं लिहा आणि खाली सही करा." त्यांनी कागद पुढे केला. मग जरा हळू, काकूंच्या पाठीकडे बघत म्हणाले, "मलाही बरं वाटत नाहीये हो. पण लक्ष नको का द्यायला?"

नळ बंद झाला. काकू वळल्या नाहीत. एक कप त्यांनी फडक्याने पुसायला घेतला.

"सेन्सर आता ठीक आहे," तो म्हणाला. "सव्वातीनपर्यंत नव्हता."

"म्हणजे?"

"लिहितो."

त्याने टेबलावरचं सामान कोपराने बाजूला सारलं आणि कागद पसरला. कागदावर चार रकाने होते. 'मशीनची स्थिती' याखाली त्याने ठीक लिहिलं. 'दोषाचं कारण' हा रकाना बोटभर रुंद होता. सेन्सर झाकलेला होता, त्याने लिहिलं. रिबन संपल्यावर मशीन थांबणं शक्य नव्हतं. झाकणाऱ्याचं नाव विचारायला तिथे जागा नव्हती. पेन क्षणभर वर राहिलं. मग त्याने समासात, छापील ओळींच्या बाहेर, तीन वर्षांपूर्वीच्या भेटीची तारीख घातली आणि पुढे स्वतःची सही केली.

साहेब वाकून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काकू कप हातात घेऊन टेबलाच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्याने मूठ उघडली. काळा तुकडा घामाने तळहाताला चिकटला होता. तो सोडवून त्याने कारणाच्या रकान्यात ठेवला. बॅगेतून पारदर्शक टेप काढली, बोटभर तोडली आणि तुकड्यावरून आडवी लावली. सवयीने अंगठा टेपच्या मोकळ्या टोकाकडे गेला. टोक किंचित वळलंसुद्धा.

त्याने ते सरळ केलं, आणि नखाने घासून घासून अगदी कडेपर्यंत कागदावर बसवलं.